रशीदशेठच्या मोटारीचा डावा पाटा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी नाक मुरडायला नको. भूत, भानामती, बाहेरची बाधा... असल्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. मी मोटारमिस्त्री. उभा जन्म मोटारीखाली उताणा पडून गेला. मोटार आवाज करते तेव्हा कुठेतरी काहीतरी सुकलेलं, सैल झालेलं किंवा मोडलेलं असतं. ते सापडलं नाही तर मिस्त्री कच्चा, एवढाच त्याचा अर्थ. आणि मी कच्चा नव्हतो. हे बढाई मारायला सांगत नाही (थोडी बढाई आहे, असू द्या), पुढचं ऐकताना तुमच्या ध्यानात असावं म्हणून सांगतो.

छत्तीस-सदतीस सालचा हिवाळा. पंचवटी ओलांडून आडगावकडे जाताना आग्रा रोडच्या डाव्या हाताला आमची पत्र्याची शेड होती. मी आणि दत्तोबा लोहार असे दोघे भागीदार. दत्तोबा पिंपळगाव बसवंतचा. पोलादाला पाणी द्यावं तर त्यानेच. त्या वर्षी थंडी अशी की सकाळी पान्याला हात लावला तर चटका बसायचा.

त्या काळच्या मोटारींना पोलादी कमानी असत. एकावर एक सहा-सात पाटे आवळून बांधलेले, मोटारीचं सगळं वजन त्यांच्यावर. थंडी पडली की कमानी कुरकुरायच्या आणि आमच्याकडे रांग लागायची. कारण सरळ आहे. ग्रीज थंडीने घट्ट होतं, पाट्यांच्या मध्ये शिरत नाही. वर दवाने गंज धरतो, रस्त्याची धूळ त्यात बसते, आणि लोखंड लोखंडावर घासायला लागतं. ओळखायची युक्तीही सोपी. कमानीवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि मोटार हलवायची. आवाज घटकाभर थांबला तर तो पाट्यांचा. नाही थांबला तर टोकाच्या पिना आणि त्यांच्याभोवतीचे बुश बघायचे. मी आणखी एक करायचो. मोटारीखाली आडवा व्हायचो, सागाची हातभर काठी घेऊन तिचं एक टोक पाट्याला आणि दुसरं कानाला लावायचो. दत्तोबाला सीटवर बसवायचं, उठवायचं, पुन्हा बसवायचं. काठीतून पाटान् पाटा वेगळा ऐकू येतो.

तर एका सकाळी रशीदशेठ आपली मोटार घेऊन आले. मालेगावचे सुताचे व्यापारी, पन्नाशीचे, उंचेपुरे, बोलायला फार गोड माणूस. मोटार स्वतःच चालवायचे. त्या दिवशी मात्र उतरले आणि मोटारीकडे पाठ करूनच उभे राहिले.

"मिस्त्री, मागची डावी बाजू वाजते. एकदम बंद करून टाका."

"चालताना वाजते की खड्ड्यात?"

"उभी असताना." त्यांनी गळ्याभोवतीची शाल घट्ट केली. "सकाळी सकाळी. आत कोणी नसतं. घरातली माणसं मागे बसायला तयार नाहीत."

मला हसू आलं. म्हटलं, शेठ, रात्रभर गारठलेलं लोखंड उन्हं लागली की फुगतं, आवाज करतंच. खाली वाकून बघतो तर कमानीवर पांढरा थर. बोटाला लावून वास घेतला... खोबरेल!

"हे कोणी ओतलं?"

"मीच," शेठ ओशाळून म्हणाले. "तेल घालावं म्हटलं."

"खोबरेल डोक्याला लावायचं, शेठ! हिवाळ्यात बाटलीतलं बाहेर निघत नाही, ते पाट्यात काय कप्पाळ शिरणार? गोठून बसलंय सगळं. चार दिवस मोटार राहू द्या इथे. दारात मोटार आहे हे विसरून जाल, इतकी गप्प करतो."

शेठ हसले नाहीत. नाशकात त्यांचे पाहुणे होते, तिकडे टांग्याने निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. पाणी ओतून पाहिलं, काठी घेतली आणि मागच्या डाव्या चाकाशी खाली शिरलो. ॲक्सल आणि वरची चॅसी, म्हणजे मोटारीचा सांगाडा, यांच्यामध्ये किती जागा आहे ते मी बोटांनी मोजायचो. चार बोटं बरोबर बसली. बोटं तिथेच ठेवून दत्तोबाला हाक मारली, "हं, बस आता."

कर्रर्रर्र... एक लांब आवाज. मग दोन लहान. कर्र, कर्र. कोणीतरी अंग टाकून बसावं आणि मग बूड सरकवून नीट बसावं, तसा. काठीतून असा स्पष्ट आला की कान झणझणला. चॅसी खाली आली आणि माझी बोटं चेमटली.

"अरे हळू बस की! बोटं गेली माझी. ऊठ आता."

वजन उठेना. मी ओरडलो, शिव्या घातल्या, कशीबशी बोटं ओढून काढली आणि बाहेर आलो. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. दत्तोबा शेडच्या दारात उभा होता, दोन्ही हातांत चहाचे पेले.

"अण्णा, कोणाला शिव्या देऊन राह्यला? मी आत्ता येतोय नं, चहा घेऊन."

मी त्याला काही सांगितलं नाही. खाली जमीन भुसभुशीत आहे, चाक रुतलं असेल, असं स्वतःला समजावलं आणि चहा प्यायलो. खरं सांगायचं तर जमीन दगडासारखी टणक होती.

मग मात्र मी इरेला पेटलो. दोन्ही मागच्या कमानी उतरवल्या, पाटे सुटे केले. खोबरेल खरवडलं, गंज घासून काढला. दत्तोबाने पाटे तापवून त्यांचा बाक नीट केला, पुन्हा पाणी दिलं. मी प्रत्येक पाट्याला शिसपेन्सिलीसारखं काळं ग्राफाइट ग्रीजमध्ये कालवून चोळलं, कमान बांधली, वरून सुती पट्टी गुंडाळली आणि चामड्याची खोळ शिवून टाकली. पिना नव्या, बुश नवे. इतकं देखणं काम मी त्याआधी केलं नव्हतं. दत्तोबा सीटवर उड्या मारून दमला. आवाज म्हणून नाही.

फक्त एक गोष्ट राहिली. डावी बाजू एक बोट खाली बसायची. उजवीकडे चार बोटं, डावीकडे तीन. आम्ही कमानी अदलून बदलून लावल्या. तरी डावीकडे तीनच.

"मोटारीत लय जड काही ठुलंय का?" दत्तोबाने विचारलं. सीट उचलून पाहिली. काही नव्हतं. जुनी चॅसी आहे, वाकली असेल, म्हणून मी विषय मिटवला.

शेठ आले, मोटार घेऊन गेले. आवाज गेला म्हणून माझे दोन्ही हात हातात घेतले.

आठवड्याभरात परत आले. मोटार दारात लावली आणि शेडमधल्या खोक्यावर बसले. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"पुन्हा वाजते?" मी विचारलं. मला रागच आला होता.

"नाही. बिलकुल नाही." ते खाली बघत म्हणाले. "मिस्त्री, तो आवाज परत घालता येईल का?"

मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. मोटारीतला आवाज काढून द्या म्हणणारे हजार भेटले होते. परत घाला म्हणणारा हा पहिला. मी काही बोलणार, एवढ्यात शेठच सांगायला लागले.

आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. त्यांच्या अम्मांना दम्याचा त्रास. एका पहाटे फारच वाढला, म्हणून नाशकाला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. शेठ म्हणाले, "अम्मा, तुम्ही मोटारीत बसा, मी आलोच." दुकानावर किल्ली द्यायची होती. तिथे चार माणसं भेटली, चहा आला, गोष्टी निघाल्या. अम्मांचं दुखणं रोजचंच, म्हणून यांनाही घाई वाटली नाही. परत आले तेव्हा अम्मा मागच्या सीटवर डावीकडे बसलेल्या होत्या. गेलेल्या होत्या.

"त्यांचा गुडघा वाकत नव्हता," शेठ म्हणाले. "म्हणून बसताना एकदम अंग टाकायच्या. मोटार जोरात वाजायची. एक लंबी आवाज. फिर ज़रा सरकून बसायच्या, दो छोटी. या सर्दीत तोच आवाज यायला लागला. रोज सकाळी, त्याच वेळेला. मैं डर गया. म्हणून तुमच्याकडे आणली."

एक लांब आणि दोन लहान, हे मी दत्तोबालाही बोललो नव्हतो.

"आता सकाळी जाऊन उभा राहतो, तर काहीच नाही." शेठ म्हणाले. "आवाज थी तो मालूम था, बैठी हैं. राह देख रही हैं. मी भ्यालो, एकदाही जवळ गेलो नाही, बोललो नाही. अब मैं माफ़ी किससे मांगूं, मिस्त्री? त्या तिथे आहेत की नाहीत, तेच कळत नाही."

दत्तोबा कोपऱ्यात भाता मारत होता, तो थांबला. या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही हे त्यांना सांगायचं होतं. पण समोर पन्नाशीचा माणूस लहान मुलासारखा रडत होता. आणि डावीकडे तीनच बोटं का भरतात, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आवाज मी काढला होता. वजन काढलं नव्हतं.

माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम मी स्वतःच्या हातांनी मोडलं. जिवावर आलं होतं. चामड्याची खोळ उसवली, पट्टी सोडली, पाटे रॉकेलने धुऊन कोरडे ठणठणीत केले, तसेच बांधले. मोटार हाताने दाबून पाहिली. अशी करकरली की रस्त्यावरचा टांगेवालाही वळून बघायला लागला. मी शेठना खात्रीने सांगितलं, "उद्या सकाळी ऐकू येईल."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिघे मोटारीशी उभे राहिलो. रस्त्यावर धुकं होतं. ऊन आलं, पत्र्यावरचं दव टपटपून संपलं. मोटारीतून हूं की चूं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच, आणि डावीकडे अजूनही तीनच बोटं. आयुष्यात एवढे आवाज घालवले, आणि एक आणता येईना. मला स्वतःची लाज वाटायला लागली.

तिसऱ्या सकाळी शेठ आले ते थेट मोटारीकडे गेले. वाट पाहत उभे राहिले नाहीत. मागचं डावं दार उघडायला लागले, पण थंडीने दाराची मूठ घट्ट झाली होती, फिरेना. मी पुढे होऊन दार उघडलं आणि धरून उभा राहिलो. शेठ वाकले. रिकाम्या सीटकडे बघत, अगदी रोजच्या बोलण्यातल्या आवाजात म्हणाले,

"अम्मा, मुझे देर हो गई. मैं चाय पीता बैठा. तुम अकेली थीं. माफ़ करो, अम्मा. आता उतरा. किती दिवस बसून राहणार? चलो, घर में चलो."

आणि हात पुढे केला. म्हाताऱ्या माणसाला आधार द्यायला आपण कोपर वाकवून धरतो, तसा.

मग आवाज आला.

इथे मिस्त्री म्हणून सांगतो. वजन चढतं तेव्हा कमान आधी जोरात ओरडते आणि मग दबत दबत गप्प होते. वजन उतरतं तेव्हा उलट होतं. आधी अगदी बारीक, रेंगाळत, आणि शेवटी मोकळी झाल्यावर टणकन वाजते. त्या सकाळी ऐकला तो उतरण्याचा आवाज होता. दाराखालचा फूटबोर्ड किंचित दबला, थांबला आणि मग मोटारीची डावी बाजू सावकाश वर आली. मी डोळ्यांनी पाहिली. दत्तोबाने पाहिली. तो मुसळासारखा माणूस, पण त्याने हातातला घण खाली ठेवला आणि डोक्याचं मुंडासं काढलं.

त्यानंतर त्या कोरड्या कमानी उभ्या मोटारीत कधी वाजल्या नाहीत. पुढे मी त्यांना पुन्हा ग्रीज केलं, मोटार मालेगावला गेली, शेठच्या नातवंडांनी ती सीट फाडेपर्यंत वापरली.

लोक विचारतात, कारण काय? थंडी, गंज, उन्हाने फुगलेलं लोखंड, सगळं लावून पाहिलं. कुठलंच बसत नाही. माझा आजही भुताखेतांवर विश्वास नाही आणि त्या आवाजाचा उलगडाही माझ्याकडे नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून मी म्हातारा झालो. एवढं मात्र कबूल करतो. मोटार वर आली तेव्हा सवयीने माझा हात दार लावायला पुढे झाला होता, तो मी मागे घेतला. गुडघा न वाकणारं माणूस उतरत होतं. घाई करून कसं चाललं असतं?