दुसरी घंटा मी ऐकली होती

गेल्या माघात आमच्या भजनी मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ. ते बहुधा कुणाच्या तरी लग्नात आलेलं असावं. माइकवरचा तरुण मास्तर म्हणाला, "आमचे बुवा गाताना असे लीन व्हायचे, की एका स्पर्धेत वेळ संपल्याची घंटासुद्धा त्यांच्या कानावर आली नाही!" टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी तर हात जोडले.

घंटा मला ऐकू आली होती. एक नाही, दोन. पहिली सावध करणारी, दुसरी थांबवणारी. वाजवणाऱ्यानं तपकिरी स्वेटर घातला होता आणि त्याचं मधलं बटण तुटलेलं होतं. एक परीक्षक घड्याळ बघत होता, दुसरा जांभई दाबत होता. इतकं सगळं ज्याला तीस वर्षांनी आठवतं तो लीन नव्हता. तो गाता गाता हजेरी घेत होता.

लीन दिसण्याचं माझं एक तंत्र होतं. ते मी घरच्या आरशात बसवलं होतं. डोळे मिटायचे, पण पापणीखाली सूतभर फट ठेवायची. वरच्या पट्टीत गेलं की कपाळावर आठी आणायची, समेवर मान टाकायची. त्या फटीतून मला सगळं दिसायचं. कोण चहाला उठला, कोणाची मान डोलते, सरपंच आले की नाही. आताची पोरं मोबाइल समोर आला की डोळे मिटतात. त्यांना मी हसतो, पण ती विद्या माझीच.

खरा हरवणारा माणूस आमच्यात एकच होता, आमचा पखवाजवाला. सिद्धगडाच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतला आदिवासी. सरावाला चार कोस चालत यायचा, भाकरी फडक्यात बांधून. वाजवताना त्याचं तोंड अगदी बावळट दिसायचं. ओठ लोंबलेला, डोळे अर्धवट मिटलेले. एकदा दुपारी देवळात सराव चालू असताना कुत्र्यानं त्याच्या मांडीला घासत ती भाकरी फडक्यासकट ओढून नेली. आम्ही सगळे बघत होतो. अभंग संपल्यावर यानं शेजारी हात फिरवला आणि विचारलं, "माजी भाकर कुनी खाल्ली रं?"

मी एकदा त्याला विचारलं, "वाजवताना जातोस कुठं रे तू?"

"जात कुटं नाय, बुवा. तुमी थांबलास का मंग समाजतं, मी वाजवत व्हतो."

म्हणजे त्याला थांबवणं हे माझं काम होतं. माझा आवाज थांबला की त्याचा हात थांबायचा. घंटा, टाळ्या, परीक्षक, यांतलं काही त्याच्यापर्यंत पोचत नसे. हे मला पक्कं माहीत होतं.

मला स्वतःला तसं हरवणं एकदाच लाभलं. पेटीचा अडकलेला सूर मोकळा करत घरी एकटाच बसलो होतो. भानावर आलो तेव्हा चहावर साय धरली होती आणि ऊन ओटीवरून उतरून गेलं होतं. पण ते कुणी पाहिलंच नाही, म्हणून मी त्याला फारशी किंमत दिली नाही.

तर ती स्पर्धा. म्हसा गावाच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात, हिवाळ्यात, भर दुपारी. प्रत्येक मंडळाला वीस मिनिटं. दुसरी घंटा झाली तेव्हा मंडप माझ्या हातात होता, निदान मला तसं वाटत होतं. म्हटलं, परीक्षकही माणसंच आहेत, विरघळतील. मी आणखी एक अंतरा उचलला. मग आणखी एक. पखवाज माझ्यामागे येत राहिला. परीक्षक विरघळले नाहीत. आम्हाला बाद केलं.

परतीच्या जीपमध्ये आम्ही अकरा जण एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे कोंबलेले. कुणीतरी विचारलं, "बुवा, घंटा झाल्यावर थांबलात का नाय?" मी म्हणालो, "मी थांबणार होतो. हा थांबेल तर ना! पिऊन बसलाय, त्याला कसली घंटा."

एवढंच. कुणी वाद घातला नाही. मी डोळे मिटले की ती तल्लीनता, वाडीवरच्या माणसानं मिटले की ती झिंग. हे आमच्यात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. तो माझ्या समोरच बसला होता, पखवाज पोटाशी धरून. म्हणाला, "नाय ओ बुवा." दोनदा म्हणाला. पुढच्या सरावाला आम्ही मुरबाडचा दुसरा पखवाजवाला आणला.

सत्काराच्या दिवशी मी माइक घेतला आणि हे सगळं सांगितलं. शेवटच्या वाक्यापर्यंत सांगितलं. आधीपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. मास्तर म्हणाला, "एवढा मोठा कलावंत, पण दोष स्वतःकडे घेतो!" जेवणाच्या पंगतीत दोघे माझ्या पाया पडले.

तेव्हा मी वाडीवर गेलो. तो अंगणात हिरडे वाळत घालत होता. आता त्याला खरंच कमी ऐकू येतं, त्यामुळे माझा गुन्हा मला ओरडून सांगावा लागला. शेजारची चार घरं दारात आली. तो ऐकून म्हणाला, "जाऊ द्या, बुवा. लय दिस झालं." आणि हिरडे पसरू लागला.

त्याची बायको मात्र सूप ठेवून उठली. "येनं शप्पत घेतली व्हती, पेलो नाय म्हनून. मी आयकली नाय. बुवा खोटं कशाला बोलतील, म्हनलं. तवापासून हा बाहेरून आला का मी याचं तोंड हुंगते. आजून हुंगते."

मी म्हणालो, "बाय, माझं चुकलं."

"माज्यापुढं चुकलं म्हनून काय व्हनार? जीपमंदी कोन कोन व्हतं?"

अकरांपैकी आम्ही तिघेच उरलोत. मी, तिचा नवरा आणि एक टाळकरी, जो आता शहापूरला मुलाकडे असतो. "मी सांगेन त्याला," मी म्हणालो.

"मी येते संगती. एकले गेलास तर परत गोड करून सांगाल."

कल्याणवरून आम्ही शहापूरला गेलो. टाळकरी सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता. मी सांगितलं, या वेळी ओळीनं, मान न हलवता. तो हसायला लागला.

"अरे बुवा, एवढ्यासाठी आलात? तो प्यायला नव्हता हे आम्हाला तेव्हाच माहीत होतं. अकरा माणसं कोंबलेली. वास आला असता ना? कणकेचा वास होता त्याच्या हाताला, बाकी काय नाय."

पखवाजाच्या पुडीला लावायची कणीक. ती इतकी वर्षं त्याच्या तोंडाशी दारूचा वास शोधत होती, आणि जीपमध्ये होता तो हा.

"मंग तुमी बोललास का नाय?" तिनं विचारलं.

"बुवा बोलले होते ना," टाळकरी म्हणाला. "बुवांच्या वर कोण बोलणार?"

चहा आला. तिनं कप हातात घेतला नाही.

"हे त्याला येऊन सांगा. आज."

"आज? बाय, माझे गुडघे बघ जरा. जिना उतरवत नाय मला."

ती उठली, दाराजवळ गेली, खाली वाकून त्याच्या चपला शोधल्या आणि सोफ्यासमोर आणून ठेवल्या.

"घाला," ती म्हणाली. "एका बाजूनं मी धरते, एका बाजूनं बुवा."