ते स्वतंत्र, मी बसने

युरोपला बसच्या सहलीने जावं की आपलं आपण, असं कुणी मला विचारलं तर मी उलट विचारते, "आपलं आपण म्हणजे नक्की कोणी?" आमच्या घरात या प्रश्नावरून दोन महिने धुसफूस चालली होती. शेवटी जे घडलं ते सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत अजून सांगितलं जातं. लोक चुकीचं सांगतात, म्हणून मीच लिहून टाकते.

माझे यजमान एका कारखान्यात नियोजन विभागात होते. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, नियोजन काही सुटलं नाही. खडकवासल्याला भजी खायला जायचं म्हटलं तरी निघायची वेळ आणि परतायची वेळ आधी कागदावर येते. युरोपसाठी तर यांनी वर्षभर खपून संगणकावर तक्ता केला. सतरा दिवस, पाच शहरं, आगगाड्यांच्या वेळा, कुठल्या फलाटावरून कुठल्या फलाटावर किती मिनिटांत पोचायचं तेसुद्धा. बसच्या सहलींबद्दल यांचं मत ठाम होतं. "मेंढरं ती. शिट्टी वाजली की चढायचं, शिट्टी वाजली की उतरायचं. आपण स्वतंत्र जाणार."

हे 'स्वतंत्र' मला चांगलं ठाऊक होतं. आम्ही राजस्थानला स्वतंत्र गेलो होतो तेव्हा माझ्या बॅगेत विजेचा छोटा कुकर, तांदूळ, मेतकूट आणि पोह्यांची पिशवी होती. यांना बाहेरचं तिखट सोसत नाही आणि तेलकट तर मुळीच नाही. जैसलमेरला हॉटेलातली सगळी माणसं गच्चीवर सूर्यास्त बघत होती, आणि मी बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धूत होते. सूर्यास्ताचे फोटो यांनी नंतर मला दाखवले. फोटो चांगले आले होते.

तर एका दुपारी यांनी कौतुकाने तो तक्ता माझ्यापुढे ठेवला. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, तक्ता वाचायला मला आवडतो. शेवटचा रकाना होता 'जेवण'. सकाळ-संध्याकाळचे वेगळे चौकोन आखले होते आणि एकूण एक चौकोनात एकच शब्द होता: घरी. पॅरिसला, घरी. रोमला, घरी. यांनी पाचही ठिकाणी स्वयंपाकघर असलेली बिऱ्हाडं ठरवली होती.

"ओटा बघ केवढा आहे," हे फोटो मोठा करत म्हणाले. "चार शेगड्या. तुला काही कमी पडणार नाही."

मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. यांचा आला त्यापेक्षा स्वतःचा जास्त आला, कारण तो फोटो बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो फोडणीचा धूर कुठून बाहेर जाईल हा होता. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत पंधरा दिवस सलग मी ओट्यापासून लांब राहिले नव्हते, बाळंतपण सोडून. मला पॅरिस हवं होतं, रोमही हवं होतं, पण त्याहून जास्त मला ते पंधरा दिवस हवे होते.

त्याच आठवड्यात टिळक रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये एका सहल कंपनीच्या पंधरा दिवसांच्या युरोप सहलीची माहितीसभा होती. मी एकटीच गेले. पडद्यावर बर्फ दाखवलं, मनोरे दाखवले, ते सगळं ठीकच होतं. शेवटी तो सहलवाला म्हणाला, "नाश्ता, जेवण, सगळं आमच्याकडे. तुम्ही फक्त वेळेवर बसमध्ये बसायचं." मी तिथल्या तिथे नाव नोंदवलं आणि चालत घरी आले.

"मी बसच्या सहलीला नाव दिलंय," मी सांगितलं.

"दोघांचं?"

"माझं. तुमचं द्यायचं असेल तर जागा आहेत अजून."

"मी मेंढरांत येणार नाही."

"मग नका येऊ."

आता दुसरं एखादं जोडपं असतं तर यातून काही मधला मार्ग निघाला असता. आम्ही पेठेतले. माघार घ्यायची म्हणजे कुणी घ्यायची, यावरच गाडी अडली. मुलगी बाणेरला असते, तिला कळलं तेव्हा तिने फोनवर विचारलं, "आई, सीरियसली? तुम्ही दोघं सेम टाइमला सेपरेट युरोप करणार?" मी म्हटलं, "तिकिटं काढून झालीत." समोरच्या काकूंनी जिन्यात गाठून खडा टाकून पाहिला, "काय हो, वेगळे निघालात म्हणे?" मी म्हटलं, "हो. परत एकत्रच येणार आहोत, काळजी नसावी."

बसच्या सहलीत काय वाईट असतं ते मी लपवणार नाही. सकाळी सहाला खोलीतला फोन खणखणतो. पुढच्या सीटवरून भांडणं होतात, म्हणून रोज जागा बदलायला लावतात. गाण्याच्या भेंड्यांत तीच ती सात-आठ गाणी फिरत राहतात. स्वित्झर्लंडमध्ये एका दरीत कड्यावरून पाणी कोसळत होतं. मला वाटलं उतरावं, नुसतं उभं राहावं. बस थांबली नाही. तीन मिनिटांत ती दरी मागे गेली आणि मला फार हळहळ वाटली. यांच्या तक्त्यात त्या दरीला अख्खा दिवस होता.

पण पहिल्या संध्याकाळचं सांगते. खोलीत माझ्याबरोबर अमरावतीकडच्या एक बाई होत्या. मुलगा पुण्यात नोकरीला, म्हणून त्याही आता पुण्यातच राहतात. जेवायला जाताना त्यांनी विचारलं, "काहून जी, तुमचे साहेब नाही आले?"

"आलेत ना. आगगाडीने फिरतायत."

"अन् तुमी बसनं?" त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला धरावं लागलं. "बरं केलं बाई!"

मग आम्ही टेबलाशी बसलो आणि मी वाढणाऱ्याला विचारलं, "आज काय आहे?" हा प्रश्न आयुष्यभर मला इतरांनी विचारला. मी तो कुणाला कधी विचारलेला नव्हता. वरण बेताचंच होतं, फ्लॉवरची भाजी जास्त शिजली होती. मी दोनदा वाढून घेतलं.

आठव्या दिवशी आमची बस ल्युसर्नला होती आणि तळ्याकाठी दीड तास मोकळा दिला होता. त्याच दिवशी हेही ल्युसर्नला होते. तक्त्यात यांनी तशी दुरुस्ती केली असणार. विचारलं तर म्हणाले, योगायोग. बाकावर बसले होते, जरा वाळले होते, बोटाला पट्टी होती.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"उत्तम," हे म्हणाले आणि पाठीवरच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला. कारखान्यात न्यायचे तोच. आत खिचडी होती. "तुझ्यासाठी केलीय. बसवाल्यांचं जेवण तुला आवडत नसेल."

मुलीला फोन करून पाणी किती घालायचं ते विचारलं म्हणे. मला विचारलं नाही. हळद जास्त होती, मीठ कमी होतं, बटाट्याची एक फोड दुसरीसारखी नव्हती आणि खाली चांगलीच लागली होती. मी जेवून आले होते. तरी सगळी खाल्ली.

हे तळ्याकडे बघत म्हणाले, "बॅग उतरवून घे ना. इथून पुढे माझ्याबरोबर चल. स्वयंपाक मी करीन."

या माणसाने मला आजवर बेत सांगितले होते, विचारलं कधी नव्हतं. हे स्वयंपाक करतील यावर माझा विश्वास बसला होता. विश्वास नव्हता तो माझ्यावर. बटाट्याच्या त्या वेड्यावाकड्या फोडी होताना मी पाच मिनिटं गप्प बसले असते, सहाव्या मिनिटाला "सरका" म्हणाले असते, आणि पुढचे सगळे दिवस पुन्हा ओट्यापाशी गेले असते. तो दोष यांचा नव्हता, माझ्या हातांचा होता.

"नाही," मी म्हटलं. "माझे अजून सात दिवस आहेत."

यांनी मान हलवली. वाईट वाटलं असेल, दाखवलं नाही. तिकडे सहलवाल्याने छत्री उंच धरली आणि आमची माणसं बसकडे निघाली. मी डब्याला झाकण लावलं. इतकी वर्षं हा डबा रोज सकाळी मी भरला आणि रोज संध्याकाळी तो रिकामा होऊन माझ्या हातात आला. त्या दिवशी मी तो रिकामा डबा यांच्या हातात दिला. यांनी झाकण उघडून आत पाहिलं.

"खाली लागलंय," मी म्हटलं. "लगेच घासा, नाहीतर निघणार नाही."

"हो," हे म्हणाले.

बस वळली तेव्हा मला खिडकीतून दिसलं. रस्त्याच्या कडेला एक कारंजं होतं. हे बाह्या वर करून त्याच्या नळाखाली डबा धरून उभे होते आणि नखाने तळ खरवडत होते. येणारे-जाणारे बघत होते, त्याची यांना फिकीर नव्हती. मला भरल्या बसमध्ये रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही.

"काहून रडता बाई?" शेजारून अमरावतीच्या बाईंनी विचारलं.

"आनंद झालाय," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.