कोड टिपायला कन्हानपर्यंत

चार तासांच्या एस.टी. प्रवासासाठी मी एवढी तयारी कधीच केली नव्हती. डबा, पाणी, पूर्ण चार्ज केलेला फोन आणि बाबांना सांगायला एक खोटं कारण: शाळेतल्या बाईंच्या मुलीचं लग्न आहे, भांडी घ्यायला नागपूरला जाते. खरं कारण होतं माझी धाकटी बहीण पल्लवी. (नाव बदललंय. लिहून बरेच दिवस झाले; ती आणि तिचा नवरा आता त्या घरात राहतही नाहीत, म्हणून तर छापायची हिंमत करतेय.)

पल्लवीनं दोन वर्षांपूर्वी मनासारखं लग्न केलं आणि बाबांनी तिचं नाव टाकलं. घरातली सगळी सिमकार्डं त्यांच्या नावावर आहेत, संध्याकाळी ते माझाही फोन उघडून बघतात. मी अडतीस वर्षांची शिक्षिका आहे, तरीही. जाण्याआधी पल्लवीनं माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. नंबर लागत नाही, मध्ये कुठली कंपनी नाही, निरोप तिच्या फोनमधून थेट माझ्या फोनमध्ये. फक्त दोघींचे फोन एकाच वेळी चालू हवेत. बाबा दुपारी झोपले की चार वाजता आमचं बोलणं व्हायचं. बाबांना ते बँकेचं ॲप वाटायचं.

मग मी शहाणपणा केला. बाबांनी मला पासवर्ड टाकताना पाहिलं असं वाटलं, म्हणून तो बदलला आणि दुसऱ्या दिवशी विसरले. अशा ॲपमध्ये पासवर्ड परत मिळत नाही, कारण तो द्यायला पलीकडे कोणी बसलेलंच नसतं. खातं पुसून नवं काढायचं, एवढाच मार्ग. मी पुसलं. पल्लवीही पुसली गेली. परत जोडायचं तर समोरासमोर बसून एकमेकींच्या पडद्यावरचा चौकोनी कोड टिपावा लागतो, निदान आम्ही तसंच जोडलं होतं. तिचा पत्ता मी मुद्दामच कधी विचारला नव्हता. माहीत नसलं की कोणी काढून घेऊ शकत नाही. माहीत होतं एवढंच, की तिचा नवरा सागर नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानात कामाला आहे.

सुट्टी मिळेपर्यंत सात आठवडे गेले.

सकाळी सव्वासहाची गाडी पकडली. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे हा प्रवास खिशाला अजिबात जड नाही. डिसेंबरचं धुकं नागपूरच्या अलीकडच्या बुटीबोरीपर्यंत हटलं नाही. नागपूरला स्टँडबाहेर तर्री पोहे घेतले आणि दोन घास खाऊन ठेवून दिले. तुम्ही जाल तेव्हा तसं करू नका, पोहे झकास होते.

इतवारीत ऑटो आत नेऊ नका, हातगाड्यांमध्ये अडकून बसाल. भांड्यांच्या गल्लीत आवाजावरून पोचता येतं. चौथ्या दुकानात सागर सापडला, पाणी भरायचा पितळी गुंड पुसत होता. मला पाहून त्याचं फडकं थांबलं. आधी त्यानं माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं.

"बाबांनी पाठवलं का तुमाले?"

"नाही. त्यांना माहीत नाही."

त्यानं बाजूला जाऊन पल्लवीला फोन लावला. परत आला तो मान खाली घालून. "ते नाही म्हणते, ताई. नाही भेटायचं म्हणते."

मी तिथल्या स्टुलावर बसले. रडू आलं, आणि भर दुकानात आलं. त्यानं पाणी दिलं, गिऱ्हाईक सांभाळलं आणि मग हळूच म्हणाला, "तरी बी जा. मीनं पत्ता देल्ला म्हणून सांगजा. मले शिव्या देईल, देऊ द्या."

त्यानं लिहून दिलेला पत्ता नागपूरच्या पलीकडच्या कन्हानचा होता. कामठीमार्गे तिथे बस जाते. पाऊण-एक तास धरून चाला. नदीचा पूल ओलांडताना मी मनात वाक्यं जुळवत होते. दार उघडलं आणि त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. पल्लवीला पाचवा महिना लागला होता. हे मला दारात कळलं.

"आता आठवण झाली?" ती म्हणाली. "सात हप्ते रोज लिहून राहिली मी तुले. एक बी गेला नाही. मले वाटलं, तू बी बाबासारखीच निंगाली."

"पासवर्ड विसरले गं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पोराइकडून पाढे पाठ करून घेते, अन् सोताचा पासवर्ड विसरली?" मग हसली, मग रडली, मग चिडून पुन्हा हसली. तिनं कोथिंबिरीचं सारण भरलेली सांबारवडी आणून ठेवली आणि मी पाहुणी असल्यासारखा आग्रह केला. तेवढं मात्र मनाला फार लागलं.

कोड टिपायला तीनदा प्रयत्न करावा लागला. नवीन खात्यात तिचं नाव आलं, खाली कोरी पाटी. मी म्हटलं, ते अडकलेले निरोप दाखव ना.

"नाही. ते त्या जुन्या ताईले लिहिले होते."

मी पुन्हा मागितले नाहीत. पाचची बस गाठायची होती. निरोप द्यायला ती दारापर्यंतच आली.

घरी येऊन आठवडा झाला. बाबांनी विचारलं, भांडी कुठंयत? म्हटलं, लग्नघरी. नागपूर कसं वाटलं असं शाळेतल्या बाया विचारतात आणि मी पोह्यांचं कौतुक करते. खरं तर त्या प्रवासातलं मला एक दार आणि दारात उभी असलेली ती, एवढंच आठवतं. परत जावंसं वाटतं ते तेवढ्यासाठीच.

काल चार वाजता फोन थरथरला. पल्लवीनं ते जुने निरोप पुन्हा टाइप करायला घेतले होते, पहिल्यापासून.

"ताई, आज डॉक्टरीणबाईनं सांगितलं. सागरच्या बी आधी तुले सांगून राहिली. मी आई होणार वं."

बाबा आतल्या खोलीत घोरत होते. मी लगेच लिहिलं, "खरंच? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? सगळं सांग."