चिखलात उतरलेल्या बहनजी

कटंगीच्या बाजारात वांगे निवडत होती, तं एका बाईनं मधातच माझे पाय धरले. "ओळखलं का, बहनजी?"

आता सारी उमर मास्तरकीत गेली माझी, किती पोरी आल्या अन् गेल्या! तरी "हौ, हौ" म्हटलं. न ओळखता हौ म्हणायची सवय रिटायर झाल्यावरही सुटत नाही.

संगं तिची पोरगी होती. तिले नुकतीच शाळेत नोकरी लागली म्हणे. "हिच्या डोक्यावर तुमचाच हात पाह्यजे. तुम्ही नसत्या तं मी आठवीतच घरी बसली असती." अन् भर बाजारात सांगत सुटली. धानाचा रोवणा चालू, इकडे तिची पूरक परीक्षा, अन् बाप काही तिले वावरातल्या बांधीतून सोडेना. मंग बहनजी लुगडं खोचून चिखलात उतरल्या, तिच्या वाटचं धान रोवलं, अन् तिले पेपरले धाडलं.

माय वो! मी, अन् चिखलात? जळवांच्या भेवानं मी बांधाखाली पाय नाही ठेवला कधी. रोवण्यात पोरी शाळेतून गायब होत, म्हणून आम्ही दोघी मास्तरणी हजेरी घ्यायले बांधावर जात होतो, हे खरं. उतरली असंल ती माझी जोडीदारीण. मागच्या साली वारली बिचारी. पोरं दोघींलेही बहनजीच म्हणत, नाव कोणाले ठाऊक!

पण ही इतक्या भरवशानं सांगून राह्यली, तं एखाद्या दिवशी मीच उतरली असंन का? या वयात आपल्याच डोक्याचा काय भरवसा! खरं सांगावं तं हिचं तोंड उतरते, चूप राहावं तं मेलेल्या बाईचं पुण्य लाटल्यासारखं होते.

शेवटी तोंड उघडलं, "अवं बाई, ती मी नव्हती..."

पण तिचं ध्यानच नव्हतं. हसत म्हणते, "अन् त्या दुसऱ्या बहनजी? काळी छत्री घेऊन बांधावरूनच कावत जायच्या. लय भेत होतो आम्ही त्यायले. हायेत का अजून?"

छत्रीवाली मीच. ते मात्र मले पक्कं आठवते.

पोरगी हिंदी शाळेत शिकलेली, समोर वाकून उभी होती. "आशीर्वाद दीजिए, दादी."

"गेली वो ती, मागच्या साली," असं माझ्या तोंडून निघून गेलं, अन् मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"अरेरे," बाई हळहळली. माझेही डोळे भरून आले. कोणासाठी, ते मले अजून समजलं नाही.