धबधब्यावरची ड्यूटी

आमच्या चौकीच्या रजिस्टरात गाडीचा नंबर आणि माणसांची संख्या लिहितात. किस्से लिहायला रकाना नाही, त्यामुळे ते माझ्या डोक्यातच साठत गेलेत!

ग्वाल्हेरहून तास-दीड तासावर, जंगलात हा धबधबा आहे. सरकारनं त्याला संरक्षित नैसर्गिक स्थळ जाहीर केलं, तेव्हा चौकी आली, रेलिंग आलं आणि ग्वाल्हेरच्या कंपू भागातून रोज बसनं येणारा मी, चौकीचा बाबू, आलो. वनरक्षक रामदीन आधीपासूनच तिथे होता. बायको म्हणते, "तुमचंच ऑफिस बरंय. लोक तिकीट काढून बघायला येतात!"

*

पहिल्याच मे महिन्यात एक मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले. वरून पाण्याचा थेंब नाही, नुसता उभा कोरडा कडा.

"बोर्डवर तर धबधबा लिहिलंय. कहाँ है?"

रामदीननं सलाम ठोकला. "छुट्टी पर है साब. जुलाई में जॉइन करेगा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरकडे!

साहेब ऑगस्टमध्ये परत आले. रेलिंगला धरून उभे राहिले. चष्म्यावर तुषार, हातातली फाईल चिंब, तरी हलेनात. जाताना रामदीनच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "इसकी छुट्टी कैंसल."

*

एक जोडपं रील बनवायला आलं होतं. मुलगी रामदीनला म्हणाली, "अंकल, दो मिनट आवाज बंद करवा दो ना! माइक में कुछ नहीं आ रहा."

रामदीननं आभाळाकडे बोट केलं. "स्विच ऊपर है, बेटा."

*

माझी आत्या ऐंशीच्या पुढची. हट्टानं आली. त्या दिवशी कॉलेजचे एक भूगर्भशास्त्राचे सर तिथेच होते. त्यांनी आम्हाला खडकावरच्या बारीक बारीक वळ्या दाखवल्या. म्हणाले, "आजी, या लाटांच्या खुणा आहेत. करोडो वर्षांपूर्वी इथे समुद्र होता."

आत्या खाली बसली. एका वळीवरून हळूच बोट फिरवलं.

मग माझ्यावरच चिडली, "समुद्र आपल्या ग्वाल्हेरला येऊन गेला, आणि कुणी सांगितलं पण नाही!"

*

हा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

रविवार होता, लख्ख ऊन. खालच्या खडकांवर तीस-चाळीस माणसं बसलेली. रामदीन पाण्यात वाकला, काहीतरी उचललं आणि जोरात शिट्टी फुंकायला लागला. "सब ऊपर! चलो, ऊपर!"

बाकीचे कुरकुरत उठले. ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागातले एक काका सहकुटुंब पुऱ्या खायला बसले होते. ते काही उठेनात. "अरे भाई, धूप निकली है! किस बात का डर?"

रामदीननं वाद घातला नाही. त्यांचा डबा उचलला आणि पायऱ्यांवरून पळत सुटला. डब्यामागे काका, काकांमागे घरची सगळी!

शेवटचं माणूस वर आलं आणि पाणी आलं. मातकट, झाडंबिडं घेऊन. ज्या खडकावर पुऱ्या मांडल्या होत्या, तो खडकच दिसेना. पायाखालची जमीन थरथरत होती.

मी विचारलं, "कसं कळलं रे?"

त्यानं मूठ उघडली. ओली पानं, काटक्या. "ये बहकर आने लगे थे. ऊपर कहीं बरसा है."

काकांनी डबा उघडला आणि पहिली पुरी रामदीनला दिली.

*

मागच्या पावसाळ्यात रामदीन रिटायर झाला. इतकी वर्षं त्याची ड्यूटी एकच. धबधब्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि नजर माणसांवर ठेवायची. कोण रेलिंग ओलांडतंय, कोण घसरतंय.

शेवटच्या दिवशी शिट्टी मी गळ्यात घातली. म्हटलं, "आज तू पब्लिक. जा, बस त्या बाकावर."

तो संकोचत बसला. धबधबा भरात होता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मान वर केली, अजून वर केली. कपाळावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं मला हाक मारली.

"बाबूजी... ये इतना बड़ा है?"