शेंदऱ्याचा गूळ

आश्रुबाच्या हातून हरीण चुकलं असं मानवतपासून वालूरपर्यंत कुणी म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्यानं आधी म्हणणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतला असता. नेमच तसा होता. पण खुद्द आश्रुबाला विचाराल तर तो म्हणायचा, "नेम माजा न्हाई, शेंदऱ्याचा हाय. म्या निस्ता बोट दाबतो."

शेंदऱ्या म्हणजे बैल. लालकंधारी, अंगानं मारुतीला नुकता शेंदूर फासावा तसा तांबडाजर्द. बैल आणि नेम यांचा काय संबंध, असं परगावचा पाहुणा हमखास विचारायचा. मग आश्रुबा ऐटीत चिलीम बाजूला ठेवायचा आणि पाहुण्याची एसटी चुकायची.

बंदूक होती बसवंतअप्पांची, आणि बैलही त्यांचाच. अप्पा गावचे मोठे शेतकरी, गळ्यात लिंग, घरात कधी अंडंसुद्धा फुटलेलं नाही. पण दुधनाकाठच्या त्यांच्या ज्वारीत काळविटांचे कळप उतरायचे आणि हुरड्यावरचं रान सकाळपर्यंत भुईसपाट करायचे. पोलीस ॲक्शननंतर एक जागीरदार हैदराबादेला निघून गेला. जाताना त्याची विलायती रायफल अप्पांच्या वडिलांनी पीक राखायला म्हणून घेतली. बारीक नळीची, हलकी, काडतूस करंगळीएवढं. मिलिटरीतून परत आलेल्या लिंबाजीनं सांगितलं, की हिच्या इंग्रजी नावाचा अर्थ गांधीलमाशी. तेव्हापासून सारं गाव तिला गांधील म्हणू लागलं.

अप्पा गांधीलला हात लावत नसत. परवान्यावर नाव अप्पांचं, घोड्यावर बोट आश्रुबाचं. रानात ठो झालं की अप्पा ओसरीवर डोळे मिटून लिंगाला हात लावायचे. मटण आश्रुबाच्या वस्तीत वाटलं जायचं. त्याचा वास अप्पांच्या ओसरीपर्यंतही येत नसे.

आश्रुबाची बायको सुलाबाई मटण शिजवायची, पण टोमणा मारल्याशिवाय नाही. छप्पन्न साली दोघांनी दीक्षा घेतली होती. "पंचशील घेतलं अन् हे करायलाव," ती म्हणायची.

"अप्पाची बंदूक, अप्पाचं पाप."

"अन् बोट कुणाचं?"

 आश्रुबा रस्सा वरपायचा.

गांधीलची खोड एकच. ती लांबून डसत नसे. वाऱ्याची झुळूक आली की तिची हलकी गोळी वाहवायची, म्हणून शंभर पावलांच्या आत जावं लागे. काळवीट तर माणूस चारशे पावलांवरून हेरून पसार होतं. पण बैलाला ते भीत नाही. आश्रुबा शेंदऱ्याच्या खांद्याला चिकटून, वाकून चालायचा. शेंदऱ्या चरत चरत, वेड्यावाकड्या वाटेनं कळपाकडे सरकायचा. जवळ पोचलं की आश्रुबा त्याच्या पाठीवर नळी टेकवायचा आणि बंदूक सज्ज करायला खटका मागं ओढायचा. खट्ट. तो आवाज झाला की शेंदऱ्या रवंथ थांबवायचा. कान स्थिर, शेपटी स्थिर. इतकंच नाही, श्वाससुद्धा रोखून धरायचा, म्हणजे नळी हलू नये. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ठो झालं की तो मान मागं वळवून जीभ बाहेर काढायचा, आणि आश्रुबा कमरेचा गुळाचा खडा त्याच्या जिभेवर ठेवायचा. हरीण पडलंय का ते बघायला दोघं मग जायचे. आधी गूळ.

असा बैल ज्याला मिळाला, तो त्याची किती निगा राखील! पोळ्याला आश्रुबा शिंगं घासायचा आणि करडईचं तेल चोपडायचा. त्याच हातानं गांधीलला तेल. आणि मिरगाच्या आधी डब्यातली काडतुसं ओळीनं मांडून, रॉकेलच्या फडक्यानं पुसून, वर तेलाचा हात. पितळ नुसतं लखलखायचं.

लिंबाजीनं एकदा ते पाहिलं. "लेका, काडतुसाला तेल पाजू नको. फटीतून आत मुरतं. बुडाची टोपी मेली की काडतूस मंजे पितळेचा खुटा."

"तेलानं कुनी मेलंय का? लिंबाजीराव, तुमी मिलिटरीत भाकरी थापल्या, बंदुका न्हाई."

वस्ती हसली. लिंबाजी खरोखरच पलटणीत आचारी होता, त्यामुळे तोही हसला आणि विषय तिथंच राहिला. पुढं दोन-तीन काडतुसं फुसकी निघाली. ती जुनी झाली असं धरून आश्रुबानं उरलेल्यांना तेल वाढवलं.

त्र्याहत्तरात कायदा आला. काळविटाला हात लावायचा नाही. अप्पांनी गांधील कपाटात घातली आणि किल्ली त्यांच्या बायकोच्या, शांतम्माच्या कमरेला गेली. डब्यात एक काडतूस उरलं होतं. आश्रुबा दर मिरगाला ते एकटं काडतूस मागून घ्यायचा, पुसायचा, तेल लावून परत द्यायचा. शेंदऱ्याला अप्पांनी औतातून मोकळा केला. तो आश्रुबाच्या मागं हिंडायचा आणि उगीच जीभ काढायचा.

पंच्याहत्तरचा चैत. काळं रान मांडीएवढ्या खोल भेगांनी उकललेलं. शेंदऱ्याचा पुढचा पाय भेगेत गेला आणि तो आडवा पडला. आवाज आश्रुबानं बांधावरून ऐकला. हाड कातड्याबाहेर आलं होतं.

मानवतहून ढोरांचा डॉक्टर आला. त्यानं फळ्या बांधल्या, हात धुतले आणि आश्रुबाकडे न बघता सायकलवर बसला. कुणीतरी खाटकाचं नाव काढलं, तेव्हा अप्पा त्याच्यावर असे ओरडले की तो गावाबाहेर गेला. बैल हलवता येईना. चार बांबू रोवून वर पोतं टाकलं, तेवढीच सावली.

आश्रुबा ओसरीपुढं उभा राहिला. "अप्पा, ते एक काडतूस द्या."

"कशाला?"

"कशाला मंजे? बगा की तिकडं."

अप्पांचा हात लिंगावर गेला. "आश्रुबा, महादेवाचं वाहन हाय ते. माज्या वावरात, माज्या बंदुकीनं? नरकात जाईन म्या."

"शेंदऱ्या तितंच हाय अप्पा. निस्ता मरायचा ऱ्हायलाय."

अप्पा आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी जखमेत किडे दिसले. कावळे बांबूवर येऊन बसले. आश्रुबा ढेकळं मारून त्यांना हाकलायचा. ढेकळं संपत नव्हती आणि कावळेही. सुलाबाई गाडग्यानं बैलाच्या तोंडात पाणी सोडत होती. अर्धं आत जायचं, अर्धं भेगेत.

"जावा, पुन्यांदा मागा," ती म्हणाली.

"अन् पंचशील?"

"बुद्धाला म्या सांगते. तुमी जावा."

आश्रुबा गेला. अप्पांनी दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तेव्हा बांधावरून शांतम्मा येताना दिसल्या. भर दुपारी, अनवाणी, हातात धोतरात गुंडाळलेली गांधील. त्यांच्या मागं अप्पांची हाक आली, "अगं, पाप हाय ते!"

"नंदीला असं तडफडत ठेवा मनून कोन्त्या पोथीत हाय, ते दावा मला," त्या मागं न बघता म्हणाल्या. "पाप हाय ना? टाका माज्या नावावर." त्यांनी बंदूक आश्रुबाच्या हातात दिली. वर काडतूस ठेवलं. मग पदराची गाठ सोडून गुळाचा एक खडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि तोंड फिरवलं.

आश्रुबा शेंदऱ्याच्या डोक्याशी बसला. काडतूस चढवलं. खटका ओढला. खट्ट.

तीन दिवस धापा टाकणारा बैल एकदम गप्प झाला. कान स्थिर. श्वास रोखला. काळवीट जणू समोर होतं.

आश्रुबानं बोट दाबलं.

टिच्.

नुसतं टिच्. शेंदऱ्यानं मोठा श्वास सोडला, मान कशीबशी वळवली आणि जीभ बाहेर काढली.

आश्रुबानं त्याला गूळ दिला. दुसरं काय करणार? बैलानं तो सावकाश चघळला. आश्रुबानं तेच काडतूस फिरवून पुन्हा चढवलं. खट्ट. पुन्हा कान स्थिर, पुन्हा श्वास बंद. टिच्. पुन्हा जीभ बाहेर.

आता गूळ नव्हता. आश्रुबानं चिकट तळहात पुढं केला. शेंदऱ्या तो चाटत राहिला, गोडी संपून गेल्यावरही. तिसऱ्यांदा खटका ओढायची आश्रुबाची छाती झाली नाही.

शेंदऱ्या त्याच्या मनानं गेला, दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर. मेलेलं ढोर ओढायचं नाही, ही वस्तीनं छप्पन्नलाच घेतलेली शपथ. आश्रुबानं ओढलं नाही. बैलाला लागूनच त्यानं खड्डा खणायला घेतला. लिंबाजी कुदळ घेऊन मदतीला आला. मातीत पडलेलं काडतूस त्यानं उचललं. बुडाच्या टोपीवर दोन खोल खळगे होते. त्यानं ते नाकाशी नेलं, आणि करडईचा वास येताच पटकन खाली घेतलं.

"जुनं झालं होतं रं," लिंबाजी म्हणाला. "जुनं झालं की असंच करतंय."

आश्रुबा खणायचा थांबला नाही. "लिंबाजीराव," तो म्हणाला, "मिलिटरीत तुमाला खोटं बोलाया कुनी शिकवलं न्हाई."