वंदना मॅडमचे जंतू

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आम्ही पाच वर्षं प्लास्टिक बनवलं. झालं ते मूठभर. किस्से मात्र पोतंभर! मित्र जमले की सांगतो. ते हसतात. मी आताशा हसत नाही.

वंदना मॅडम सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या; मी त्यांच्या प्रकल्पात मदतनीस. डोणगावच्या शेतातल्या मातीतून दोन वर्षं खपून त्यांनी एक जंतू वेगळा काढला. मक्याची साखर भरपूर द्यायची, नायट्रोजन तोडून वाढ थांबवायची, की तो पोटात प्लास्टिक साठवतो. तेही मातीत कुजणारं!

हे ऐकून लॅब अटेंडंट गजाननभाऊ म्हणाले, "म्हंजे खाणं भरपूर, वाढ बंद, पोट मोठं. आपले प्राचार्यच की!"

*

पेपरवाल्यानं बातमी उलटी छापली: 'कॉलेजात प्लास्टिक खाणारे जंतू!'

सकाळीच गजाननभाऊंचा शेजारी दारात. "भाऊ, आमची पाण्याची टाकी प्लास्टिकची हाय. अंगाले लावून तं नाही आनले ना?"

भाऊंच्या बायकोनंही महिनाभर त्यांना अंगणात आंघोळ केल्याशिवाय घरात घेतलं नाही!

*

जंतूंना हवा मिळावी म्हणून फ्लास्क मशीनवर सतत हलवावे लागतात. सहा दिवसांची मेहनत आत, आणि भरदुपारी लाईट गेली. मॅडम आणि मी हातानंच हलवत बसलो. भाऊंनी वीज कार्यालयात फोन लावला.

"एवढी घाई काऊन करून राह्यले? कोणाचा जीव चालला का?" तिकडून आवाज आला.

"हाव! करोडो जीव चालले!"

फोन कट.

*

मे महिन्यात मॅडम रजेवर होत्या. संस्थेच्या अध्यक्षांसाठी आइस्क्रीम आलं. फ्रिजमधल्या जंतूंच्या नळ्या बाहेर निघाल्या आणि दोन दिवस उन्हाच्या खिडकीत राहिल्या. सगळे मेले.

प्राचार्य म्हणाले, "त्यात काय! दुसरे मागवा."

नळ्या मॅडमनी भाऊंना धुऊ दिल्या नाहीत, स्वतः धुतल्या.

*

प्रकल्प बंद झाला. सामान तपासायला एक साहेब आले. वर्षापूर्वी आम्ही कॉलेजमागे बारा पट्ट्या पुरल्या होत्या: सहा साध्या प्लास्टिकच्या, सहा आमच्या. साहेबांसमोर भाऊंनी उकरलं. साध्या सहा जशाच्या तशा. आमच्यांचा मागमूसही नाही! भाऊंनी आनंदानं माझा दंडच धरला.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "इथं बारा आहेत. बाकीच्या सहा?"

"माती झाल्या, साहेब," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठीच तर पाच वर्षं..."

"माती असा कॉलम नाही, मॅडम. गहाळ लिहा."

मॅडमनी लिहिलं.